न पाहिलेल्या माणसासाठी दान

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. आमचं शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढे जे वाचलं ते परळला गावकीच्या खोलीत, पाळी सुटल्यावर, जिन्यातल्या दिव्याखाली बसून वाचलं. गिरणीच्या रिंग खात्यात उमेदीची वर्षं गेली. तिथल्या आवाजात बोलून बोलून आमचा आवाज मोठा झाला, एवढीच काय ती वक्तृत्वाची कमाई. तेव्हा बोलण्यात काही उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्यावं.

आज समितीने आम्हाला जो विषय दिला आहे तो भाषणाचा कमी आणि निर्णयाचा जास्त आहे. आपल्या वस्तीतल्या मुला-मुलींनी समितीकडे एक अर्ज दिला आहे. त्यांचं म्हणणं असं: ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायचं, आणि ७ तारखेला पहाटे परळहून सायकलींनी निघायचं. ठाणे, कल्याण, मुरबाड करत माळशेज घाट चढायचा, ओतूरवरून जुन्नरला यायचं, तिथून नारायणगाव, मंचर, आणि १२ डिसेंबरला महाळुंगे पडवळला थांबायचं. दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे. वाटेत गावोगाव निधी गोळा करायचा आणि तो निधी सर्पदंशावरच्या वैद्यकीय संशोधनाला द्यायचा.

१२ डिसेंबर ही तारीख मुलांनी विचार करून निवडली आहे. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १९३० साली त्याच तारखेला परदेशी कापडाची मोटार अडवताना तो तिच्याखाली गेला. गिरणीतला माणूस आपल्या पोटापलीकडचा विचार करतो, हे आंबेगावच्या मातीने तेव्हाच दाखवून दिलं आहे.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत हा अर्ज वाचला गेला तेव्हा काय झालं, ते हजर होते त्यांना ठाऊक आहे. महिला मंडळातल्या आपल्या एक जुन्या मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पोरांनो, हाये ते औषध येळेला मिळंना, आन् तुमी नवं शोधायला पैसं गोळा करताय व्हय? त्या पैशात एखाद्याचा दवाखाना तरी करा.”

बैठक गप्प झाली. मुलं गप्प झाली. आणि खरं सांगायचं तर आम्हीही गप्प झालो, कारण त्या दिवशी आम्ही मनातून मावशींच्या बाजूने होतो. का होतो, ते आधी सांगतो.

१९७९ सालची गोष्ट. आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. आंबेगावच्या पश्चिमेला आमचं खेडं. श्रावणातला पाऊस, कुडाचं घर, आणि आम्ही सगळी भावंडं जमिनीवर वाकळ टाकून झोपलेलो. आमची धाकटी बहीण सात वर्षांची होती. पहाटे ती उठली आणि पोटात दुखतं म्हणाली. अंगावर जखम नाही, रक्त नाही. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटायला लागल्या, उघड म्हटलं तरी उघडेनात. मग बोलणं जड झालं. आईने ओळखलं की काहीतरी चावलंय. मण्यार चावली की बऱ्याचदा दुखतही नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचलं. त्या दिवशी मात्र तिला भगताकडे नेलं. तिथे दोन तास गेले. मग पावसात चिखल तुडवत रस्त्यापर्यंत आणली. एस. टी. यायच्या आत ती गेली.

वडील तेव्हा मुंबईला, परळच्या एका गिरणीत. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना तार गेली. ते आले तोवर सगळं आटोपलं होतं.

पुढे आम्ही स्वतः परळला कामाला लागलो. एके दिवशी हाफकिन संस्थेच्या फाटकासमोरून जाताना सोबतच्या एका कामगाराने सांगितलं, “इथं घोड्यांना सापाचं विष टोचून औषध करतात.” आम्ही तिथेच उभे राहिलो. ज्या भिंतीच्या आत सापाच्या विषावरचं औषध तयार होत होतं, त्या भिंतीच्या कडेने आमचे दादा वर्षानुवर्षं कामावर जात होते. आणि त्यांची पोर त्याच औषधावाचून गेली होती. औषध होतं. आमच्यापर्यंत आलं नव्हतं.

म्हणून मावशी, तुमचं म्हणणं खोटं आहे असं आम्ही म्हणणार नाही. ते आमच्या घरात खरं झालेलं आहे. पण गेला महिनाभर आम्ही या विषयावर वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, आणि आमचं मत बदललं. ते का बदललं, हे सभेपुढे ठेवणं आमचं कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट. जे औषध आज आहे, तेसुद्धा कुणाच्या तरी संशोधनातूनच आलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. त्यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली, आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. सापाच्या विषावरचं औषधही असंच तयार होतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, मात्रा वाढवत नेतात, घोड्याच्या रक्तात विषाला मारणारे घटक तयार होतात, ते काढून शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्या देशात हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनतं. त्यासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतून येतं. तिथल्या इरुळा आदिवासींची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था साप पकडते, विष काढते आणि साप पुन्हा सोडून देते. म्हणजे या औषधाच्या मुळाशीसुद्धा आपल्यासारख्याच, गावकुसाबाहेरच्या माणसांचे हात आहेत, हे ध्यानात ठेवा.

पण इथेच एक अडचण आहे. साप एकाच जातीचा असला तरी प्रदेश बदलला की त्याच्या विषात फरक पडतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आणि त्यानंतर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून असं दाखवलं की सध्याचं औषध काही प्रदेशांतल्या सापांच्या विषावर हवं तेवढं चालत नाही. आता विचार करा. औषध वेळेवर मिळालं, डॉक्टरांनी दिलं, आणि तरी ते कमी पडलं, तर दोष कुणाचा? रोग्याचा नाही, डॉक्टरांचा नाही. दोष अपुऱ्या ज्ञानाचा आहे. आपल्या ऊस-भाताच्या रानातल्या सापांच्या विषाचा अभ्यास झाला पाहिजे, आणि तो अभ्यास पैशावाचून होत नाही.

शिवाय एका रोग्याला पहिल्याच वेळी आठ ते दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. कमी कुप्यांत भागेल असं जास्त चांगलं औषध निघालं, तर तेच औषध गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जास्त लोकांना पुरेल. मावशी म्हणतात ते औषध पोहोचवायचं काम आणि मुलं म्हणतात ते नवं शोधायचं काम, ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे आम्हाला असं पटलं.

दुसरी गोष्ट. संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरा डगला आणि काचेच्या नळ्या दिसतात. पण मोजणं हेसुद्धा संशोधन आहे. भारतात सापाने किती माणसं मरतात, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बरीच माणसं दवाखान्याबाहेरच मरत होती, त्यामुळे सरकारी नोंदीत ती येतच नव्हती. आमची बहीणही कुठल्या दवाखान्याच्या वहीत नाही. मग देशभर घरोघर जाऊन, घरात कोण कशाने वारलं हे विचारण्याचा मोठा अभ्यास झाला. त्यातून २०२० मध्ये असं बाहेर आलं की २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातल्या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. आधी मोजणी, मग आराखडा. ज्याची मोजणी नाही त्याची दखल नाही, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट आमच्या दादांची. ते गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाची बारीक धूळ सगळीकडे उडायची, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. रविवारी सुट्टी असायची. सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळायची, श्वास पुरायचा नाही. मंगळवारी-बुधवारी बरं वाटायचं. ते हसून म्हणायचे, “सोमवार काय आपल्याला मानवत नाही बुवा.” कुणी दमा म्हणालं, कुणी क्षय म्हणालं, कुणी म्हणालं विडी सोड, आणि आमचे दादा विडी ओढतच नव्हते! १९८२ च्या संपात काम गेलं, ते गावी आले. धूळ सुटली, पण छाती काही सुटली नाही. १९८७ मध्ये ते वारले.

पुष्कळ वर्षांनी आम्ही वाचलं की हा वेगळाच रोग आहे. कापसाच्या धुळीने होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हीच त्याची खूण. विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांत शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात कामगारांना नेमका हाच प्रश्न विचारून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या: सोमवारी छाती आवळते का? साधा प्रश्न, पण तो प्रश्न विचारणं म्हणजे संशोधन. रोगाला नाव मिळालं, आणि नाव मिळालं म्हणून आपल्याकडेही नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत तो नोंदला गेला. आमच्या दादांना यातलं काहीच मिळालं नाही. त्यांच्या रोगाचं नाव त्यांना कुणी सांगितलंच नाही. पण ज्याच्या हातात ते नाव आहे तो कामगार आज ठासून बोलू शकतो. बंधूंनो, संशोधन गरिबाला पहिली गोष्ट देतं ती ही. ते त्याच्या दुखण्याला नाव देतं. औषध त्याच्या मागून येतं.

आता प्रश्न येतो, हे सगळं सरकारने करावं, कंपन्यांनी करावं, आपण का? सरकारने केलंच पाहिजे, त्यासाठी आपण भांडत राहूच. पण कंपन्यांचं सरळ आहे. ज्या रोगात नफा, तिथे पैसा. शेतात अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या रोगात कसला नफा? म्हणून तर तो दुर्लक्षित रोग झाला. ज्याच्या घरी साप निघतो, त्यानेच आधी हात पुढे केला पाहिजे. मग दुसऱ्याकडे मागायला तोंड राहतं.

आणि सायकलच का, असंही काहींनी विचारलं. पेटी घेऊन फिरा, पावत्या फाडा, सायकली कशाला दामटायच्या? याचं उत्तर आम्हाला लांबच्या एका उदाहरणात सापडलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात बिली स्टार नावाचा एक तरुण होता. त्याची आई कर्करोगाने गेली होती. १९८० मध्ये त्याने ३५ जणांना बरोबर घेतलं, म्हणजे तो धरून ३६, आणि राज्याच्या एका भागातून समुद्राच्या टोकापर्यंत सायकली चालवल्या. त्या वर्षी १० हजार २०० डॉलर जमले. ते त्यांनी बोस्टनच्या दाना-फार्बर कर्करोग संस्थेला दिले. पुढच्या वर्षी पुन्हा निघाले, त्याच्या पुढच्या वर्षीही. आज हजारो लोक दरवर्षी सायकली घेऊन निघतात, आणि २०२४ पर्यंत एकूण जमा १ अब्ज डॉलरच्या वर गेली. ३६ माणसांपासून सुरुवात, हे लक्षात घ्या. आपल्या मुलांच्या यादीत आज २२ नावं आहेत, त्यात ७ मुली आहेत.

इतक्या लांबही जायला नको. आपल्या शेजारच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या सायकल शर्यतीत उतरले. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४ हजार ८०० किलोमीटर. दोघांनी आळीपाळीने सायकल चालवून ते अंतर नऊ दिवसांच्या आत पार केलं. दोघांच्या संघाने ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. आणि ही दौड त्यांनी आदिवासींच्या दृष्टीसाठी, त्यांच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी म्हणून केली.

या दोन्ही उदाहरणांतून आम्हाला एक कळलं. हात पसरून मागणारा आणि घाम गाळून मागणारा यांत फरक आहे. जो पोरगा माळशेज घाट चढून, टायर पंक्चर झालेलं स्वतः काढून, तुमच्या ओट्यावर येऊन उभा राहील, त्याला तुम्ही “पुढं बघ” म्हणणार नाही. त्याला आधी पाणी द्याल, आणि मग विचाराल, “का रं बाबा, कशासाठी एवढं?” तो जे पहिलं वाक्य बोलेल, तिथून काम सुरू होतं. आणि सायकल आपल्या भागाला परकी आहे का? आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ इथल्या किती माणसांनी मुंबईत सायकलीला डबे टांगून संसार केले! आपल्या माणसाच्या मांडीत ती ताकद आहे. फक्त आजवर ती पोटासाठी वापरली, आता सहा दिवस दुसऱ्यासाठी वापरायची.

बंधू-भगिनींनो, तरीही मनात एक शंका राहते. दवाखान्यात दिलेला पैसा डोळ्यांना दिसतो. रोगी बरा होऊन घरी येतो, हात जोडतो. संशोधनाला दिलेल्या पैशाचं काय? औषध दहा वर्षांनी निघेल, वीस वर्षांनी निघेल, कदाचित निघणारही नाही. ज्याला गुण येईल तो माणूस आपण पाहिलेलाही नसेल. असं दान कुणी करतं का?

करतं. आणि त्याचा पुरावा आपल्याच डोंगरांत आहे. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर लेणी आहेत. आपण सहलीला जातो, फोटो काढतो, पण भिंतीवरच्या लेखांत काय लिहिलंय ते विचारत नाही. आमच्यासारख्याने ब्राह्मी कुठून वाचावी, पण ज्यांनी वाचली त्यांची पुस्तकं आम्ही वाचली. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या एका परदेशी माणसाने, पाण्याची दोन टाकी दिली. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचीही नोंद तिथे आहे. राजेच दान देत होते असं नाही. हातावर पोट असणाऱ्यांच्या संघटनाही त्या व्यवहारात होत्या. आणि टाकं खोदणाऱ्याला ठाऊक होतं का, की दोन हजार वर्षांनी तिथे कोण पाणी पिणार आहे?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत तर आज आपल्या विषयाला अगदी लागू पडणारे दोन लेख आहेत. पहिला उषवदाताचा. त्याने ३ हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंना चीवरासाठी द्यायचं. विणकरांवर एवढा विश्वास! आमच्यासारख्या कापड गिरणीतल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. दुसरा लेख विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. या बाईने कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे, तेली अशा श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. कशासाठी? संघातल्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. त्या वेळी आजारी होते त्यांच्यासाठी तर होतीच, पण पुढे जे कुणी येतील आणि आजारी पडतील त्यांच्यासाठीही. त्यांचं तोंड तिने पाहिलं नव्हतं.

मावशी, ही विष्णुदत्ता तुमच्यासारखीच कुणाची तरी आई होती. लेखात तिच्या मुलाचंही नाव आहे. तिने आजच्या रोग्याला औषध आणि उद्याच्या रोग्यासाठी ठेव, असा भेद केला नाही. दोन्ही एकाच दानात केलं. म्हणून आमची समितीला अशी सूचना आहे की मुलांच्या फेरीनेही दोन्ही करावं. आमच्या सूचना चार आहेत, त्या आम्ही लिहूनही आणल्या आहेत.

पहिली सूचना. फेरी ज्या ज्या गावी थांबेल तिथे मुलांनी आधी पंधरा मिनिटं सर्पदंशाची माहिती द्यावी, मग पेटी फिरवावी. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही. चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, धीर द्यायचा, आणि १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा. रात्री जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपायचं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे दांपत्य गेली कित्येक वर्षं सर्पदंशाच्या रोग्यांवर उपचार करतं आणि लोकांना हेच समजावत फिरतं. ही माहितीसुद्धा संशोधनाचंच फळ आहे. सर्पदंश झालेल्याचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय हे डॉक्टरांना कळतं. एक काचेची नळी आणि वीस मिनिटं, एवढाच खर्च! पण ते शोधायला कुणीतरी आयुष्य घातलं. अशा रीतीने मावशींचं म्हणणंही राहील. माहिती आजच्या माणसाला, पैसा उद्याच्या माणसासाठी.

दुसरी सूचना. जमलेल्या पैशातून फेरीचा खर्च करायचा नाही. चहा, जेवण, टेम्पोचं डिझेल हे वेगळं. आम्ही मघाशी सांगितलेल्या अमेरिकेतल्या फेरीतही २००७ पासून स्वारांनी जमवलेला सगळा पैसा संस्थेला जातो, खर्च दुसरीकडून भागवतात. आपल्याकडे जेवणाची जबाबदारी वाटेतल्या विहारांनी आणि आपल्या नातेवाइकांनी घ्यावी.

तिसरी सूचना. हिशेब. उषवदाताने आपली ठेव नगराच्या निगमसभेत जाहीर करून तिची नोंद करून घेतली, असं त्याच लेखात आहे. राजाच्या जावयाला जर सभेपुढे नोंद करावी वाटली, तर आपण कोण? आपल्या विहाराच्या दारातल्या फळ्यावर रोजची जमा लिहिली जावी. ज्या संस्थेला निधी द्यायचा तिला आधी पत्र लिहून विचारावं, हा पैसा कोणत्या कामाला लावणार, त्यातून काय निघालं ते आम्हाला कधी आणि मराठीत कळवणार? उत्तर येईल तिलाच द्यावं. आणि हिशेब तपासायला ज्या मावशींनी विरोध केला त्यांनाच बसवावं. ज्याने शंका घेतली त्याच्यासारखा तपासनीस मिळत नाही.

चौथी सूचना मुलांसाठी. पोरांनो, माळशेज घाट म्हणजे सिनेमातला रस्ता नव्हे. वळणावर ट्रक येतात, धुकं येतं. डोक्याला टोप, मागे लाल दिवा, आणि कुणी पुढे पळायचं नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांनी जायचं. कोण आधी पोहोचलं याला इथे किंमत नाही. सगळे पोहोचले पाहिजेत. मुलींना अर्ध्या वाटेतून टेम्पोत बसवायचं असं काही पालक म्हणतात. मुली चढतील तिथपर्यंत चढू द्या. थकला तर मुलगाही टेम्पोत बसेल.

आता आमचं स्वतःचं. आमची कामगार पेन्शन महिन्याला हजार-बाराशे आहे. एका महिन्याची पेन्शन आम्ही या निधीत देतो. गुडघे आता साथ देत नाहीत, पण आमची जुनी सायकल तेलपाणी करून ठेवली आहे. जुन्नर ते नारायणगाव एवढा टप्पा आम्ही मुलांबरोबर चालवणार. घरच्यांनी हसलं तरी चालवणार. तुम्हाला आमची विनंती एवढीच की घरटी एका दिवसाची मजुरी द्यावी. ज्याला जमणार नाही त्याने मुलांना एक वेळ भाकरी द्यावी, तेही दानच आहे.

फक्त आमची पावती फाडताना त्यावर आमचं नाव घालू नका. आमच्या धाकट्या बहिणीचं नाव घाला. तिचं नाव कुठल्याच वहीत चढलं नाही. या एका वहीत चढू द्या. पुढे कधीतरी, आपण पाहिलेलं नाही अशा एखाद्या पोरीला पहाटे पोटात दुखेल, तिला वेळेवर दवाखान्यात नेतील, औषध लागू पडेल, आणि ती डोळे उघडेल. तिला आपलं नाव ठाऊक असायची गरज नाही.

आमचं बोलणं लांबलं, त्याबद्दल क्षमा असावी. अर्ज सभेपुढे आहे. विचार करून, प्रश्न विचारून, मगच हात वर करावेत. आमचा हात वर आहे. एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!